खालचा कप्पा

दसऱ्याचं सोनं अजून गल्ल्यात आहे,
वाळून कुरकुरीत,
आणि शौकतनं शिडी काढलीय.

"ताई, पार्सल आलंय स्टँडावर. सतरा गठ्ठं हाईत."
सतरा? मी चौदा सांगितले होते.
तीन दरवर्षी असेच येतात, न बोलावता,
आणि तुळशीचं लग्न झालं तरी
हलायचं नाव घेत नाहीत.

शाहूपुरीत आमच्या शेजारी गिरणी.
या दिवसांत ती रात्री दहापर्यंत धडधडते.
भिंतीच्या फटीतून जे पीठ येतं
ते आधी कवितांवर बसतं,
कारण कविता कुणी हलवत नाही.
फडकं मारलं की अख्खं दुकान खमंग,
धणे, जिरं, भाजलेली डाळ.
मागं एका मुलीनं पुस्तक हुंगून विचारलं,
"हे चकलीचं आहे का?"
मी हो म्हटलं. घेऊन गेली.
तिची आई अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

दिवाळी अंक दारात, टेबलावर.
जाड खाली, पातळ वर,
ज्यांच्या मुखपृष्ठावर बाई आहे ते बाहेरच्या बाजूला.
हे सासऱ्यांनी शिकवलं, हसत हसत,
आणि मी लाजत लाजत पाळते.
सवलतीच्या पाटीवर शौकतनं 'दिपावली' लिहिलंय.
वेलांटी दीर्घ कर म्हटलं
तर म्हणतो, "ताई, रंग संपलाय."

दळण ठेवून बायका इकडं येतात.
डबा गिरणीत, कान गिरणीत, डोळे इथं.
खाडेंच्या आक्काताई चार दिवाळ्या
एकच कादंबरी उभ्यानं वाचताहेत,
भाजणीचा नंबर येईपर्यंत.
यंदा पान एकशे बारा.
खूण म्हणून गिरणीचं टोकन.
ती प्रत मी विकत नाही.
विकत घ्या, असंही म्हणत नाही.
घरी नेली तर वाचायची राहील,
हे आम्हा दोघींना ठाऊक आहे.

आता ते तीन गठ्ठे.
माळा भरला, काउंटरखाली पाय घालायला जागा नाही,
शौकत शिडीवरून खाली बघतो
आणि मीही तिकडंच बघते,
पण कुणी बोलत नाही.

खालचा कप्पा रिकामा आहे.
पाणी आलं त्या वर्षापासून.
भिंतीवर अजून रेघ आहे, माझ्या कमरेएवढी,
दोनदा रंग दिला, दोनदा वर आली.
त्या वेळी पुस्तकं एवढी फुगली
की कप्प्यातून ओढून निघेनात.
पहारीनं काढली.
रद्दीवाल्यानं ओली म्हणून वजन धरलं नाही,
वाळल्यावर आणा म्हणाला.
सासरे त्या दिवशी एकच वाक्य बोलले,
"खाली काही ठेवायचं नाही."
ते गेले, वाक्य राहिलं.

सुतळी कापली.
तिन्ही गठ्ठ्यांत लहान मुलांची पुस्तकं,
हत्ती, जहाज, दात पडलेला राक्षस.
उंचावर ठेवून करायचं काय यांचं?
"पावसाळ्यात?" मी विचारलं.
शौकत शिडीवरून उतरला, फिनेलची बादली भरली.
"आगस्टाचं आगस्टात बघू की, ताई."

रात्री गिरणी थांबली.
अचानक एवढी शांतता
की ट्यूबलाइटची गुणगुण ऐकू आली.
शटर ओढताना मी एकदा वाकून पाहिलं.
हत्ती सरळ उभा होता.

सकाळी सगळीकडं पिठाचा हलका थर.
झाडता झाडता खाली आले
तोवर कोणाचं तरी पोर येऊन गेलं होतं,
आई शेजारी नंबर लावत असताना.
राक्षसाच्या पाठीवर, पिठात,
चार बारीक बोटं. अंगठा नाही.

तेवढं सोडून बाकीचं झाडलं.
शौकत बाहेरून ओरडतोय,
आणखी दोन गठ्ठे,
आणि हमाल सुट्टे मागतोय.