दुसऱ्या रविवारची मोजणी

फाटकाची लोखंडी कडी बोटांना चिकटली.
हातमोजा मीच दातांनी ओढून काढला होता,
तेव्हा तक्रार कुणाकडे करणार?
उणे सहा. परवा गाईंनी तुडवलेला चिखल
तसाच्या तसा दगड झालेला,
आणि खुराच्या प्रत्येक वाटीत काचेची एक चकती.
टॅम्सिन त्या फोडत चालली आहे,
करकन्, करकन्,
आणि पक्षी उडतील असं मी तिला सांगत नाही.
पंधराव्या वर्षी माणसाला
काहीतरी फोडायला हवंच असतं.

शाळेनं पाठवलंय तिला. वीस तासांची समाजसेवा.
कशाबद्दल, ते मी विचारलं नाही.
तिनंही विचारलं नाही, गळ्यात दिलेली दुर्बीण कुणाची,
आणि तिच्या पट्ट्याला जांभळी लोकर कुणी गुंडाळली.

आमच्या फेनमध्ये डोंगर नाहीत.
कालव्याचा बांध हीच काय ती उंची.
तिथून दिसतं ते सगळं हिवानं पांढरं:
बोरूची बेटं, कुंपणाची तार,
तारेवर मेंढीनं विसरलेला केसांचा झुबका.

लपणात बसलो. फळी सरकवली की वारा थेट डोळ्यांत.
तलवार बदकं एकेचाळीस.
थापटे अकरा, नाही, बारा, एक झोपला होता.
चांदवे बर्फावरून चालताहेत
दुसऱ्याचे बूट घालून आल्यासारखे.
हूपर हंस दोनशे सात, आइसलँडहून आलेले,
आणि एवढ्या प्रवासानंतरही
बीटच्या शेतावरून भांडणारे.
ती म्हणाली, "आमच्या घरासारखंच."
मी यंत्राची कळ दाबत राहिलो.

परतताना वाळुंजांच्या गर्दीत ती थबकली.
"ऐकलंत?"
"हो," मी म्हणालो.
चार वर्षं मी हेच म्हणतो आहे.
"मग कोण आहे ते?"

आता काय सांगणार?
डॉक्टरनं कागदावर रेघ काढून दाखवली होती,
इथवर तुमचं, इथून वरचं गेलं.
किटलीची शिट्टी गेली, गवतातले टोळ गेले,
हेस्टर होती तोवर ती कोपरानं ढोसायची,
मी वर बघायचो, आणि वहीत आकडा पडायचा.
ती गेल्यावर त्या रकान्यात शून्य. मग शून्य. मग शून्य.
जिल्ह्याच्या कचेरीतून पत्रही आलं,
या झाडीतले गोल्डक्रेस्ट संपत चाललेत,
कारण शोधायला हवं.

कारण मफलर बांधून उभं होतं.

"मला ऐकू येत नाही," मी म्हणालो.
"तू सांग, कसं आहे?"
तिनं डोळे मिटले. नाक लाल.
"कुणीतरी सायकल चालवतंय.
चाकाला तेल नाही. खूप लहान सायकल.
बाहुलीची वगैरे."
"किती सायकली?"
"दोन. थांबा." बराच वेळ. "तीन."

मग एक दिसलासुद्धा,
पाच ग्रॅमचा, डोक्यावर काडीच्या गुलाएवढा पिवळा जाळ,
फांदीखालचे कोळी वेचत होता, उलटा लटकून.
मी बघितला तेव्हा तो गात होता म्हणे.
चोच उघडझाप होत होती एवढं खरं.

पेनातली शाई गोठली होती. पेन्सिलीनं लिहिलं:
गोल्डक्रेस्ट, तीन. ऐकणारी: टॅम्सिन.
मागच्या चार शून्यांपाशी काय लिहावं
ते अजून ठरत नाही.

फाटकाजवळ एक चकती उरली होती, मोठी, अख्खी.
"तुम्ही फोडा," ती म्हणाली.
फोडली.
तो आवाज मात्र अगदी स्वच्छ आला.