चोराला आवडू नये अशी

धुकं आधी दुकानात शिरलं, मग ती.
ओर्नेल्ला. कालव्यापलीकडच्या शाळेतली स्वयंपाकीण.
हातात कांद्यांची पिशवी.
"ही मावली पाहिजे," म्हणाली,
आणि एकेका सायकलच्या टोपलीत
पिशवी ठेवून बघू लागली.

मी सवयीनं सुरू केलं:
एकवीस गिअर, हलका सांगाडा,
एका हातानं उचलता येते…
"उचलायची कशाला? बसायचं ना तिच्यावर?
आणि फेर्रारात चढ कुठंय, विल्मो?
तट सोडला तर
सगळं गाव पोळपाटासारखं सपाट."

खरं होतं. मी एकवीस गिअर गिळले.

मग तिनं सांगायला घेतलं, वाण्याला यादी सांगावी तसं:
साखळीवर झाकण, माझा कोट एकच आहे.
मडगार्ड लांब.
स्टँड दोन पायांचं, कांदे सांडता कामा नयेत.
दिवा चाकावर चालणारा, बॅटरी आणायची मी विसरते.
गोट्यांच्या रस्त्यावर पाठ मोडणार नाही अशी सीट.
"आणि दिसायला…" इथं थांबली.
"चोराला आवडू नये अशी.
तीन गेल्या माझ्या.
तिसरी निळी होती."

निळी म्हणताना आवाज जरा मऊ झाला.
मी पाना शोधायला खाली वाकलो.
पाना माझ्या हातातच होता.

आतल्या खोलीतून ती तपकिरी काढली,
गंजलेल्या डब्याच्या रंगाची, दांडीचे ब्रेक,
वजन एखाद्या म्हशीएवढं.
इकडून तिकडून जमवलेली:
चाकं एकीची, हँडल दुसरीचं.
ओर्नेल्लानं टायर दाबले, पेडल उलटं फिरवलं,
कांदे टोपलीत ठेवले. बसले.

मग घंटी वाजवली.
एकदा.
पुन्हा एकदा, कान जवळ नेऊन.
त्या घंटीचा दुसरा ठोका जरा उशिरा पडतो,
जिना चढताना दम लागलेल्या माणसासारखा.

मार्चमध्ये एक पोरगा आला होता.
निळा सांगाडा, तीस युरो.
मी विचारलं नव्हतं.
न विचारणं हासुद्धा आमच्या धंद्यातला एक पाना आहे,
सगळ्या नटांना बसतो.

"केवढ्याला?"
"नव्वद."
तिनं नोटा मोजून ठेवल्या. ऐंशी.
"घंटीचे देत नाही," म्हणाली.
आवाज चढवला नाही. माझ्याकडे बघितलंही नाही,
फक्त अंगठ्यानं घंटीची वाटी पुसली,
पोराचं तोंड पुसावं तशी.

मी पावती लिहिली. ऐंशी.
तिच्यामागे दार लावायला गेलो तर
सायकल केव्हाच धुक्यात बुडालेली,
गोट्यांवर कांदे खडखडताहेत
आणि घंटी वाजतेय, समोर कुणी नसताना,
पार चौकापर्यंत,
दुसरा ठोका जरा उशिरा.