मालक : १००४

उत्तरायणाच्या आदल्या रात्री, मांडवीपाशी,
कोणाच्या तरी मांज्यानं तारेला तार लावली
आणि वीज गेली. चारच मिनिटं.
यूपीएस म्हणायचा, वीस टिकेन.
गेली तीन वर्षं म्हणत होता.

पतपेढीचं यंत्र मग उठलंच नाही.

मी पोचले तेव्हा शटर अर्धं वर करून रायसंगभाई उभे.
"बेन, आ तो कंई बोलतुं ज नथी."
बोलत होतं खरं तर.
जुन्या टर्मिनलवर एकच शब्द, शेजारी लुकलुकता ठोकळा :
ओके.
त्याची तऱ्हाच ही. उभं राहवत नाही,
अकरा हजार खाती पोटात अडकलेली,
आणि तब्येत विचारावी तर म्हणतं, ओके.
असे पुरुष आमच्या घरातही होऊन गेले.

कपाटातून सीडी काढली. वर मार्करनं फणसेकाकांचं अक्षर :
हीच. दुसरी नको.
घुर्र करत फिरायला लागली,
आणि शेजारच्या गच्चीवरून आपल्याच घरात उतरावं
तशी मी आत उतरले.
सिंगल यूजर. म्हणजे मी, आणि टेबलाखालचे डास.

डिस्कचं पहिलं पान वाचता येत नव्हतं.
सगळं त्यावरच असतं : जागा किती,
कुठून मोजायची, कुठे संपते.
ते गेलं की बाकीची पानं धडधाकट असूनही रद्दी.
पण ही मांडणी करणारे लोक मुळातच भित्रे असावेत.
त्यांनी त्या पानाच्या प्रती जागोजाग पुरून ठेवल्या.
एक बत्तिसाव्या ब्लॉकवर, नेहमीच.
हे मी एका मार्कासाठी पाठ केलं होतं,
आणि तो मार्क मिळाला नव्हता.

बत्तीस, मी टाइप केलं.
आत काहीतरी खरवडलं. थांबलं. पुन्हा खरवडलं.
मग प्रश्न सुरू झाले.

मोजणी जुळत नाही, सुधारू? हो.
हा ब्लॉक दोघांचा आहे, काढू? हो.
रायसंगभाई सेव-उसळ घेऊन आले,
आज रात्रभर बाजार चालू, म्हणाले, दोरी-फिरकीचा.
डाव्या हातानं पाव, उजव्या हातानं हो, हो, हो.
अडीच वाजले. तर्री तिखट होती.

मग एकाशी हात थांबला.

बेवारस फाइल. क्रमांक २२३१.
आकार ६११. तारीख कधीची तरी, जानेवारीतली.
मालक : १००४.

नाव नाही. नावं दुसऱ्या यादीत असतात,
आणि काकांचं नाव त्या यादीतून
मीच पुसलं होतं, तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी,
ऑडिटवाल्यांचा नियम म्हणून.
माणसाचं नाव निघतं.
नंबर फाइलींना चिकटून राहतो.

पुन्हा जोडू?
विचारलं यंत्रानं, बाकीचे प्रश्न विचारले तसंच.

हो.

चार चाळीसला ते स्वतःच्या पायांवर उठलं.
शिल्लक जुळवली. मुदत ठेवी जुळवल्या.
सोनतारण कर्जांत सतरा पैशांचा फरक,
पण तो कालही होता, परवाही.
मग हरवले-सापडलेच्या खणात गेले.
तिथे एकच फाइल, नावाच्या जागी आकडा.
उघडली. रोमन लिपीत मराठी,
सगळी मोठी अक्षरं, काका फोनवर बोलायचे तशी :

वीज गेल्यास घाबरू नये.
आधी चहा घ्यावा.
नंतर बत्तीस.
तेही न चालल्यास मला घरी फोन करावा.

खाली फोन नंबर, सहा आकडी.
बडोद्यात नंबर सहा आकडी होते तेव्हाचा.

मी फाइलला नाव दिलं, नीट जागी ठेवली.
मालक बदलला नाही.

बाहेर अजून अंधार होता. शटरच्या कुलपात
गुलाबी दोऱ्याचा गुंता अडकलेला.
रायसंगभाईंना विचारलं,
इतक्या पहाटे चहा कुठे मिळेल?
"आजे तो बधे," ते म्हणाले,
आणि गुंता सोडवत बसले.