मॉटच्या पोटापर्यंत

आमच्याकडे नांत म्हणजे ओढा, आणि कॉलेन म्हणजे हेझलचं झाड.
नांत कॉलेन.
झाड माझ्या वडिलांनी पाहिलेलं.
ओढा मी.

एकतीस वर्षं या खोऱ्यात टपाल वाटलं
तेव्हा तो नुसता ओलांडायचो.
निवृत्त झाल्यावर त्याच्याजवळ थांबायला लागलो,
आणि थांबलेल्या माणसाच्या हातात काहीतरी असावं लागतं,
नाहीतर येणारेजाणारे विचारतात, बरं आहे ना, इड्वल?
म्हणून कॅमेरा घेतला.

दर गुरुवारी त्याच दगडावर तिवई.
भिंगावर काळी काच, शटर आठ सेकंद उघडं,
की पाण्याचं दूध व्हायचं.
भोवरे, फेस, वाहत आलेल्या काड्या
सगळं एका सायीखाली.
त्यातले सहा फोटो गावच्या सभागृहात लागले.
स्वप्नासारखे आहेत, म्हणाले लोक.
मलाही तेव्हा तेच चांगलं वाटायचं.

मॉटला मुळीच वाटायचं नाही.
पाच, सहा मोजेपर्यंत धीर धरायचा,
मग धाडकन उडी, थेट चौकटीत.
मधोमध उभा, जीभ बाहेर.
फोटो निघाल्याशिवाय हलायचाही नाही.
शेवटी मी चिडून काच काढायचो,
एक झटपट खटका दाबायचो,
तेव्हा कुठे स्वारी बाहेर येऊन
सगळं पाणी माझ्यावर झटकायची.

ते फोटो बुटांच्या खोक्यात.
मागे तारीख लिहून ठेवलेली,
टपालवाल्याची खोड, दुसरं काय.

मग वरच्या अंगाला पाइप बसला.
त्यातून वीज होते. मी तक्रार करत नाही,
माझीही किटली त्यावरच उकळते.
पण परवाना नव्याने द्यायची वेळ आली,
आणि मेलेरी नावाची एक मुलगी, कोरे बूट घालून,
दारोदार विचारत आली:
पूर्वी ऑगस्टात पाणी किती असायचं?

खूप, म्हणाले सगळे.
तिच्या तक्त्यात "खूप"ला रकाना नव्हता.

सभागृहातले सहाही फोटो तिने नीट पाहिले.
सुंदर आहेत, म्हणाली.
थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता:
पण यात पाणी कुठवर आहे?

दूध मोजता येत नाही, हे मला
सत्तराव्या वर्षी कळलं.

खोकं काढलं.
ऑगस्ट, मॉट, पोटापर्यंत.
पुढचा ऑगस्ट, पोटापर्यंत, शेपटी ओली.
दुष्काळाचं वर्ष, तेव्हासुद्धा गुडघे बुडालेले,
आणि तोंडावर तेच, काढ लवकर.
मेलेरीने सतरा फोटो टेबलावर ओळीने मांडले.
कुत्र्याची उंची किती होती?

कुत्रा कोण मोजून ठेवतो?
आणि मॉट जाऊन सहा हिवाळे झाले.

मी खुर्चीत बसलो. बूट काढताना
तो माझ्या पायांना घासून जायचा,
रोज, दोन्ही बाजूंनी, ओल्या पोटाने.
डोळे मिटले आणि हात
नडगीवर आपोआप जिथे थांबला
तिथे तिने टेप लावली.
सत्तावीस, म्हणाली, आणि लिहिलं.
लिहून झालं तरी हात मी
लगेच उचलला नाही.

संध्याकाळी दोघं ओढ्यावर गेलो.
तिच्याकडे आकडे रंगवलेली काठी होती,
तरी ती स्वतः उतरली,
त्याच जागी, मधोमध.
पाणी बुटाच्या नाडीलाही लागेना.

आमच्या खोऱ्यात ढगाशिवायचे सूर्यास्त
वर्षाला नऊ, फार तर दहा.
त्यातला एक माझ्या पाठीमागे चालला होता,
कुंपणापलीकडच्या मेंढ्यांचे कान
आरपार गुलाबी झाले होते.

काळी काच खिशात घातली
आणि तिच्या बुटांवर फोकस केला.