बावन्न वेढे

एक, दोन, तीन.
तार एकमेकींवर चढू द्यायची नाही, इंगोले सर म्हणतात,
शेजारी शेजारी बसवायची,
एस.टी.तल्या बायांसारखी, थोडं थोडं सरकून.
अकरा. बारा.

मानोऱ्याच्या कॉलेजातली मागची शेड,
पत्रा तापला की वार्निशचा वास डोक्यात जातो.
एकोणीस पोट्टे अन् मी.
आडनाव अवचार असूनही
हजेरीत मी शेवटी.
पोरींची नावं खाली, लाल शाईत,
आणि लाल शाईत मी एकटीच.

अठरा.
प्रवेशाच्या दिवशी बाबूंनी न विचारताच लिहिलं होतं :
अवचार पौर्णिमा, शिवणकला.
त्याच्या खाली : ठोंबरे मंगेश, इलेक्ट्रिकल.
मंगेशचा बाप टेलर. टाकीजवळ गाठून तो म्हणाला,
"मले करंटचं भेव लागते. तू घेतं का हे?"
दोघं मिळून खिडकीवर गेलो.
बाबूंनी चष्मा कपाळावर सरकवला,
"हे उलटंसुलटं काहून?"
शाई पुसता येत नाही,
म्हणून त्यांनी रेघ मारली
आणि वर बारीक अक्षरात दुसरं लिहिलं.
मी अजून त्या रेघेच्या वरच बसलेली आहे.

सव्वीस.
की सत्तावीस?
चुकलं. सोडायची सगळी तार. पुन्हा एकपासून.

प्रात्यक्षिक चारला, गावाची गाडी पाच दहाला.
मुलींची बाथरूम पार ग्राउंडच्या टोकाला,
तिला कुलूप,
चावी शिवणवर्गाच्या बाईंच्या पर्समध्ये,
आणि बाई साडेतीनलाच निघतात.
दुपारी बारानंतर मी पाणी पीत नाही.
याला प्रात्यक्षिकाच्या वहीत रकाना नाही.

शेडमधले एप्रन पोट्ट्यांच्या मापाचे.
माझा मंगेशनं शिवला,
त्याच्या वर्गातलं ते पहिलं काम.
खिसे दोन.
एक टेस्टरसाठी. दुसरा कायले रे, विचारलं तर म्हणाला,
"राहू दे. पोरीच्या कपड्यायले कोणी खिसेच देत नाही."

मागल्या वर्षी दोघी होत्या म्हणे या शेडमध्ये.
एक दिवाळीनंतर आली नाही.
दुसरीच्या गावची गाडी बंद झाली.
कपाटात तिची वही सापडली,
स्टेटरची आकृती अर्धी,
चोवीस खाचांपैकी चौदा काढलेल्या, पेन्सिलनं, नीट.
उरलेल्या दहा मी काढल्या.
तिचं नाव खोडलं नाही.

घरी आई माझी बोटं उलटीपालटी करून पाहते.
तांब्यानं ओढलेल्या बारीक रेघा.
"मेंदी चढन का ह्याच्यावर?" मामी विचारते.
आई काही बोलत नाही,
खोबऱ्याच्या तेलाची वाटी पुढे सरकवते
आणि मिक्सर दाखवते, दोन महिने बंद पडलेला.

एकोणपन्नास. पन्नास.
एक्कावन्न.
बावन्न.

शनिवारी मोटर जोडली, पाच एचपीची.
खाचांत कागद, कागदात गुंडाळ्या,
वरून बांबूच्या पाचरा ठोकलेल्या.
मेगर लावला, काटा जिथं हवा तिथं गेला.
स्विच दाबला.
फिरली.
उलटी फिरली.
एकोणीस पोट्टे एकदम हसले,
एकानं तर शिट्टी वाजवली.
"जळली का?" सरांनी विचारलं.
नाही सर.
"धूर?"
नाही.
"मग हसता कायले रे? दोन फेज अदलाबदल करा."

तीन तारांतल्या दोनच.
पाना माझ्याच हातात होता.
दुसऱ्यांदा दाबलं तेव्हा
शेडमध्ये फक्त तिचाच आवाज होता,
आणि पाच दहाची गाडी निघून गेलेली.

सोमवारी मी बाईंकडून चावी मागितली.
बसस्टँडजवळ तिच्यासारखी दुसरी करून घेतली,
तीस रुपये.
बाईंची बाईंना परत दिली.
नवी एप्रनच्या दुसऱ्या खिशात आहे.

पुढच्या वर्षी कोणी आली
तर एप्रन खिळ्यालाच लटकलेला असेल.
उजवा खिसा.