जाड आवाजाचं काहीतरी

हिलाल मास्तर दुकानात आले ते चैत्रात,
हातात मँडोलिन, तिला उशीचा अभ्रा घातलेला.
चाळीस लग्नसराया बँडच्या गाड्यावर,
कानापासून हातभर अंतरावर कर्णा.
म्हणाले, "मना कानस्ले आते बारीक ऐकू येत नही.
जाडा आवाजनं काहीतरी बनाड."

मी दारं करतो. चौकटी, देव्हारे,
एकदा शाळेला नकाशे टांगायची घोडी.
वाद्य नाही. पण नाही म्हणायला जीभ उचलली
तोवर हात मँडोलिनच्या पोटावरून फिरत होता.

सिमेंटची पिशवी उलटी करून
तिचा आकार काढला, मग दुप्पट काढला.
रुंदी दुप्पट, गळा दुप्पट, फळीची जाडीसुद्धा.
पहिली मुकी निघाली.
बायको म्हणाली, हिच्यावर बसून जेवता येईल,
आणि जेवलोही, दोन दिवस.

दुप्पट केलं की दुप्पट होत नाही
हे मला पन्नासाव्या वर्षी लाकडानं सांगितलं.

नवी फळी निघाली गोठ्याच्या उंबरठ्यातून.
सुरत लाईनवर सिमेंटचे स्लीपर आले
तेव्हा बापानं लिलावात घेतलेला देवदार.
चिरला तर आत अजून वास होता,
ज्या डोंगरावर मी कधी गेलो नाही त्या डोंगराचा.
रुळाच्या खिळ्याचं भोक, भोवती लोखंडानं काळं पडलेलं.
ते टाळलं नाही. पोटाचं गोल तोंड
तिथंच कापलं.

पाठीला शिवण, गळ्याला शिसव.
दर दहा हात रंधा मारून फळी कानाशी धरायची,
टिचकी मारायची, पुन्हा रंधा.
एका सुतावर आली तेव्हा बोलली,
रिकाम्या घागरीत तोंड घालून
कुणी हुंकार द्यावा तशी.

तारा अमळनेरात मिळेनात, जळगावातही.
सगळ्यात खालच्या सा ला लागते ती जाड तार
कुणी ठेवत नाही, कारण कुणी मागत नाही.
इस्माईल वायंडरच्या टपरीत
विहिरींतून वर काढलेल्या जळक्या मोटारी.
त्यानं पोलादाच्या तारेवर तांबं गुंडाळलं,
ड्रिल मशीन हळू हळू फिरवत, जीभ दातात धरून.
पैसे घेईना.
म्हणाला, ह्याची गॅरंटी नाही.

आठ तारा, चार जोड्या. सा, प, रे, ध.
आठांची ओढ मिळून क्विंटलभर कापूस,
आणि खाली माझी एका सुताची फळी.
पहिल्या रात्री तिच्याशेजारीच अंथरूण टाकलं,
कुठं काही कडकडतंय का ऐकत.

रात्री काही झालं नाही.
मे महिन्यात, दुपारी तीनला, सरस मऊ पडला
आणि तारांखालची घोडी सुटून
कॅलेंडरमधल्या एकादशीवर आदळली.
पुन्हा चिकटवली. पोटातल्या काड्या
आडव्या होत्या त्या तिरप्या केल्या.
का ते विचाराल तर सांगता येणार नाही.

जोडीतल्या दोन तारा एका सुरात आणताना
मध्ये एक घरघर असते,
नवराबायकोचं शेजाऱ्यांसमोर आवरतं घेतलेलं भांडण.
खुंटी पिळावी तशी संथ होते, आणखी संथ, मग मिटते.
सगळ्या मिटवल्या.
रे ची थोडी राहू दिली. बरी वाटली कानाला.

हिलाल मास्तर आषाढात आले.
वाजवण्याआधी त्यांनी तिच्या खांद्यावर हनुवटी टेकली,
डोळे मिटले, खालच्या सा ला अंगठा लावला.
बाहेरून ट्रॅक्टर गेला, गाणी लावून.
तो त्यांना कळला नाही.
मी त्यांच्या शर्टाच्या बटणाकडे बघत होतो,
एका दोऱ्यावर लोंबणारं बटण,
ते थरथरत होतं.

मग प. मग बराच वेळ रे.
कपाळावर आठी आली.
"मिस्तरी," ते म्हणाले,
"रे जरासा उतरेल शे."