सातवी गाठ

गुदैबियात, शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत
आम्ही दोघी इंटरनेट आवरत असू,
मी आणि लीलाम्मा.
साल नव्व्याण्णव. एसी गळायचा, खाली बादली.
टेलिफोनची तार किंचाळत जोडली जायची,
मग एकेक संकेतस्थळ उघडायचं,
वाचायचं, अगदी तळापर्यंत,
दोन ओळींत ते काय आहे ते लिहायचं
आणि कप्प्यात ठेवायचं.
दिवसाला चाळीस. रमजानात तीस.

आरोग्य, त्यात दात.
व्यापार, त्यात सोनं, त्यात घडणावळ.
कुठेच न बसणारं ते ‘इतर’मध्ये,
आणि ‘इतर’ इतकं फुगलं
की लीलाम्मा म्हणाली, हे तर माझ्या सासूचं फडताळ.

एका गुरुवारी मुहर्रकच्या कुणा राशिदचं पान आलं.
नाव : आजोबा. बाकी शब्द नाहीत.
एकोणीस फोटो, प्रत्येकात फक्त दोन हात,
दोर, आणि खाली आकडा.
शिडाची गाठ, नांगराची गाठ,
पाणबुड्याच्या कमरेची, वरच्या माणसाला
‘ओढ’ म्हणून सांगणारी.
(ही नावं माझी. पानावर नुसतं १, २, ३.)

कुठे ठेवू? खेळात? इतिहासात? मासेमारीत?
मी नवा कप्पाच काढला :
समुद्र, त्यात हात, त्यात गाठी.
अबू नासिर चष्मा कपाळावर ढकलून म्हणाले,
एका पानासाठी अख्खा कप्पा?
म्हटलं, उद्या दुसरं येईल.
आलं नाही.

पुढच्या वर्षी ते यंत्र आलं.
त्याला कप्पे नव्हते.
ते रात्रभर दुव्यावरून दुव्यावर चालत जाई,
दिसेल तो शब्द उचलून आणी,
आणि जग उलटं करून ठेवी :
आम्ही पानाला शब्द देत होतो,
ते शब्दाला पानं देई.
आम्ही पुस्तकाच्या पुढची अनुक्रमणिका,
ते मागची सूची, न थकणारी,
न वाचताच केलेली.
वर कोण, खाली कोण, हेही ते बाजाराला विचारून ठरवी :
ज्या दुकानाकडे जास्त बोटं, ते आधी.
त्यातही मोठ्या व्यापाऱ्याचं बोट
दहा हमालांच्या बोटांना भारी.

आमची खोली सहा महिन्यांत रिकामी झाली.
बादली मी घरी आणली.

खोटं कशाला बोलू, मीही त्याचीच झाले.
मुलाच्या तापाला, व्हिसाच्या नियमांना,
वाफवलेल्या हमूरला किती मिनिटं, याला
कोण कप्पे उघडत बसणार?

पण काल ‘गाठ’ असं लिहिलं.
आधी छातीतली आली, तिचे डॉक्टर, तिची चाचणी.
मग लग्नाची, एका जातीची, फोटोसकट.
मग नेत्यांची गाठभेट.
शेजारच्या बद्रियाने अरबीत ‘उक्दा’ लिहून पाहिलं,
तर मनातल्या गाठी निघाल्या
आणि त्या सोडवणारे, तासाचे पंचवीस दिनार.
दोर कुठेच नाही.

यंत्राची चूक नाही.
ते शब्द वेचायला आलं असेल मुहर्रकला,
त्याला एक ‘आजोबा’ मिळाले
आणि एक ते एकोणीस आकडे.
हात त्याला दिसले नसतील तेव्हा.
आणि त्या पानाकडे बोट दाखवणारं
जगात एकच होतं, माझं,
तेही आमच्याबरोबर बंद पडलं.
राशिदचा पत्ता नाही. म्हातारा असेल का,
हे विचारायला कुठला शब्द लिहायचा?

जुन्या वहीत मात्र कप्पा आहे,
माझ्या अक्षरात, शाईला घाम लागलेला :
समुद्र, हात, गाठी. नोंदी : एक.

आज घरी पाठवायचा खोका भरला.
टँग, बदाम, आईच्या गुडघ्यांचं मलम,
भावाच्या पोराचे बूट.
चिकटपट्टी संपली, तेव्हा दोरी घेतली.
वरून खाली, मागून पुढे,
अंगठा मध्ये धरून शेवट आत सारायचा.
बद्रिया दारातून बघत होती. म्हणाली,
ही कुठे शिकलीस?

सातवी, म्हटलं.
बोट ठेव इथे जरा.